बदललेले इंधन, न बदललेले इंजिन

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत ब्रिटनमधील कारखान्यांतून बाहेर पडलेल्या अनेक मोटारगाड्या आजही रस्त्यावर धावतात. 1948 मध्ये आलेली मॉरिस मायनर, 1959 ची मिनी, 1961 ची जॅग्वार ई-टाइप आणि 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डन येथे पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली एमजीबी ही त्यांतील ठळक नावे होत. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा फेरफार न झालेल्या अशा गाड्यांना ब्रिटनमध्ये 2018 पासून सक्तीच्या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली असली, तरी गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावरच राहिली आहे, आणि त्यामुळे या यंत्रांची देखभाल हा छंदाबरोबरच तांत्रिक जाणकारीचाही विषय ठरतो. जुन्या गाडीची दुरुस्ती म्हणजे झिजलेला भाग काढून नवा बसवणे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु झिजेइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण असे, की ज्या पेट्रोलवर आणि ज्या तेलावर ही इंजिने चालतील असे त्यांच्या अभियंत्यांनी गृहीत धरले होते, ते पेट्रोल आणि ते तेल आता बाजारात मिळत नाही. यंत्र तेच राहिले आणि त्याला पुरवले जाणारे रसायन बदलले, ही बाब ध्यानात घेतली की देखभालीतील बऱ्याच प्रश्नांची उकल होते.

हवेवर चालणारा तराजू

या बदलाचा पहिला परिणाम कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून ते इंजिनाला पुरवणाऱ्या भागावर होतो. ब्रिटिश गाड्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा कार्ब्युरेटर एसयू या नावाचा असून, ही अक्षरे 'स्किनर युनियन' या नावाची आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी त्याची कल्पना साकारली. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय पादत्राणांचा होता, आणि सुरुवातीच्या रचनेत आजच्या धातूच्या दट्ट्याच्या जागी कातड्याचा भाता वापरला होता.

या कार्ब्युरेटरचे तत्त्व 'स्थिर निर्वात' असे सांगता येते. इंजिन हवा खेचू लागले की हवेच्या मार्गात आडवा आलेला दट्ट्या वरच्या घुमटातील कमी दाबामुळे उचलला जातो, आणि त्याचे वजन व स्प्रिंगचा जोर यांचा त्या दाबाशी समतोल साधेपर्यंत तो वर जातो. परिणामी हवा कमी असो वा जास्त, दट्ट्याखालून जाणाऱ्या प्रवाहाचा वेग आणि पेट्रोलच्या नळीवरील ओढ जवळजवळ सारखीच राहते. दट्ट्याच्या तळाशी निमुळती होत गेलेली पितळी सुई बसवलेली असते. दट्ट्या जसा वर जातो तशी सुई पेट्रोलच्या छिद्रातून बाहेर निघते, सुई आणि छिद्र यांमधील वलयाकार जागा वाढते आणि हवेच्या हिशेबात पेट्रोलही वाढते. प्रत्येक इंजिनासाठी सुईचा निमुळतेपणा वेगळा असल्याने अक्षरांच्या संकेतांनी ओळखल्या जाणाऱ्या शेकडो प्रकारच्या सुया तयार झाल्या. घुमटाच्या मधोमध असलेल्या नळीत पातळ तेल घालावे लागते, कारण ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर हे तेल दट्ट्याचे उठणे क्षणभर लांबवते, त्यामुळे पेट्रोलवरील ओढ वाढते आणि गाडीला आवश्यक ते समृद्ध मिश्रण मिळते. ही नळी कोरडी पडली की गाडी वेग घेताना अडखळते, आणि त्याचा दोष बहुधा विनाकारण प्लगवर ढकलला जातो.

मिश्रण तपासण्याची पद्धतही या तत्त्वातूनच आली आहे. इंजिन मंद गतीने चालू असताना दट्ट्या साधारण एक मिलिमीटरहूनही कमी उचलला आणि इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. इंजिन लगेच बंद पडू लागले, तर कमी आहे. आणि वेग क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिरावला, तर प्रमाण योग्य आहे. दुरुस्ती करायची ती छिद्राखालच्या षटकोनी नटाच्या एकेका बाजूइतक्या फिरवण्याने. नट खाली गेला की मिश्रण समृद्ध होते.

येथेच इथेनॉलचा प्रश्न उद्भवतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला केवळ 9 किलो पुरते, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. आधुनिक गाडीतील संगणक धुरातील ऑक्सिजन मोजून मिश्रण स्वतः दुरुस्त करतो. सुईला मात्र असे काही कळत नाही, ती ठरावीक जागेतून ठरावीक द्रव सोडते, आणि त्यामुळे इथेनॉल वाढले की मिश्रण पेट्रोलच्या बाजूने दुबळे होते व ज्वलनाचे तापमान वाढू शकते. 10 टक्के इथेनॉलसाठी नट थोडा फिरवून बऱ्याचदा भागते. प्रमाण याहून वाढल्यास सुईच बदलावी लागते.

इथेनॉलचा दुसरा गुण म्हणजे ते पाणी शोषते. हिवाळाभर बंद ठेवलेल्या गाडीच्या टाकीत हवेतील ओलावा शिरत राहिला आणि विशिष्ट मर्यादा ओलांडली गेली, तर पाणी व इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो आणि टाकीचा पत्रा आतून गंजू लागतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या, बुचाचे वॉशर आणि काही राळी इथेनॉलमध्ये फुगतात किंवा ठिसूळ होतात. इंजिनाच्या उष्णतेशेजारी पेट्रोल झिरपणारी नळी आगीचे कारण ठरू शकते. म्हणून जाणकार दुरुस्तीकार गाडी हाती येताच प्रथम सर्व नळ्या फ्लोरिनयुक्त रबराच्या, इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकाराच्या बसवतात आणि गाडी फारशी चालवायची नसेल तेव्हा कमी इथेनॉल असलेले उच्च प्रतीचे पेट्रोल भरतात.

शिशाची अदृश्य कडी

याहून जुना बदल शिशाचा आहे. 1921 मध्ये जनरल मोटर्समधील थॉमस मिजली यांना टेट्राइथाइल लेड या संयुगाने इंजिनातील 'ठोका', म्हणजे इंधनाचे अवेळी स्फोटक ज्वलन, थांबते असे आढळले, आणि त्यानंतर अनेक दशके पेट्रोलमध्ये शिसे मिसळले गेले. त्याचे विषारी परिणाम सिद्ध झाल्यावर ते टप्प्याटप्प्याने हटवण्यात आले. ब्रिटनमध्ये त्याची सर्वसाधारण विक्री 2000 च्या आरंभी थांबली आणि भारतातही त्याच वर्षी शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू झाले. मात्र ठोका थांबवताना शिसे आणखी एक काम नकळत करत होते. ज्वलनानंतर उरलेली शिशाची संयुगे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर आपटतो, त्या बैठकीवर पातळ थर देत, आणि हा थर वंगणासारखे काम करी.

इंजिन मिनिटाला 4,000 फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 2,000 वेळा बैठकीवर आदळतो, आणि धुराचा व्हॉल्व्ह त्या वेळी अतिशय तापलेला असतो. एमजीबी, मिनी किंवा मायनर यांच्या ओतीव लोखंडाच्या सिलिंडर हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक हेडच्याच लोखंडात कोरलेली असल्याने, मध्ये थर नसेल तर दोन धातूंचे सूक्ष्म बिंदू एकमेकांना चिकटतात, पुढच्या क्षणी ओढले जाऊन तुटतात, आणि बैठक हळूहळू खोल जाते. बैठक खोल गेली की व्हॉल्व्हचा दांडा वर सरकतो आणि त्याच्या व त्याला दाबणाऱ्या रॉकरच्या मधली फट कमी होते. ही फट एमजीबीमध्ये सुमारे 0.38 मिलिमीटर ठेवण्याची शिफारस असते. ती फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, वेळोवेळी मोजून नोंदवली आणि ती पुन्हा पुन्हा कमी होताना दिसली, तर हेड न उघडताही बैठकीची झीज ओळखता येते. दुर्लक्ष झाल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. खात्रीचा उपाय म्हणजे हेडमध्ये कठीण धातूच्या कड्या बसवणे. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे त्यात अशा कड्या मुळापासूनच होत्या, आणि म्हणून शिसे गेल्याचा फटका त्याला फारसा बसला नाही.

वंगणाबाबतही असेच घडले. या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरील उंचवटे सपाट टॅपेटवर घासत जातात, आणि त्या घर्षणस्थळी प्रचंड दाब असतो. झिंक व फॉस्फरस असलेले झेडडीडीपी नावाचे रसायन तेथे संरक्षक थर तयार करते. परंतु फॉस्फरसमुळे आधुनिक गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रातील उत्प्रेरक निकामी होत असल्याने 2004 च्या सुमारास लागू झालेल्या अमेरिकी तेलमानकांत त्याची कमाल मर्यादा 0.08 टक्क्यांवर आणली गेली. म्हणूनच महागडे, पातळ, अत्याधुनिक तेल जुन्या इंजिनाला हितकारक असेलच असे नाही. त्याला 20डब्ल्यू-50 या दाटपणाचे आणि पुरेसे झेडडीडीपी असलेले तेल मानवते. मिनीची गरज तर आणखी निराळी, कारण तिचा गियरबॉक्स इंजिनाखालच्याच तेलकुंडात बसवलेला आहे आणि गियरचे दाते तेलाला दाट ठेवणाऱ्या लांब रेणूंचे तुकडे करतात, त्यामुळे तेल लवकर पातळ होते व लवकर बदलावे लागते.

वीज, गंज आणि चालक

या गाड्यांतील ल्यूकास कंपनीच्या विद्युत यंत्रणेवर अनेक विनोद केले जातात, पण त्यांतील बहुतेक दोष साध्या ओहमच्या नियमाने उलगडतात. दोन हेडलाइट मिळून सुमारे 9 अँपिअर वीज घेतात. वाटेतील एखादा जोड गंजून त्याचा रोध केवळ 0.1 ओहम झाला, तरी तेथे जवळजवळ एक व्होल्ट वाया जातो. तापलेल्या तारेचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे इतक्याशा घटीने उजेड सुमारे एक चतुर्थांशाने मंदावतो. दिवे बदलण्यापूर्वी जोड घासून स्वच्छ करणे आणि गाडीच्या सांगाड्याशी जोडलेली तार घट्ट करणे, हा म्हणून पहिला उपाय ठरतो. अनेक गाड्यांत, आणि 1967 पर्यंतच्या एमजीबीमध्येही, बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. ही बाब न पाहता आधुनिक इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यास ते तत्काळ जळू शकते.

विजेचा दुसरा, अनपेक्षित खेळ गंजात दिसतो. लँड रोव्हरचे बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि चौकट पोलादाची असल्याने, दोहोंच्या सांध्यात खारे पाणी साचले की तेथे छोटा विद्युत घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम पोखरले जाते. एमजीबीसारख्या गाडीला वेगळी चौकट नसते. दारांखालच्या पोकळ पट्ट्याच तिचा भार पेलतात, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ त्यांच्या आत साचल्यास वरचा रंग चमकत असतानाही गाडी आतून कमकुवत होते. या पोकळ्यांत मेण फवारणे आणि पाण्याची भोके मोकळी ठेवणे रंगकामाहून अधिक मोलाचे आहे.

अशी गाडी चालवणाऱ्यालाही आज यंत्रावर सोपवलेली कामे स्वतः करावी लागतात. 1967 पर्यंतच्या एमजीबीच्या पहिल्या गियरला सिंक्रोमेश, म्हणजे दोन गियरची गती आपोआप जुळवणारी रचना, नव्हती. गाडी चालती असताना त्या गियरमध्ये जायचे तर क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून ॲक्सिलरेटरने इंजिनाची गती वाढवायची आणि मग पुन्हा क्लच दाबून गियर टाकायचा, हे 'डबल क्लच' तंत्र लागते. ब्रेकचे द्रवही हवेतील ओलावा शोषते. डॉट 4 प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असला, तरी ओलावा शिरल्यावर त्याची किमान मर्यादा 155 अंश इतकीच धरली जाते, आणि लांब उतारावर द्रवात वाफ झाली तर पायाखालचे पेडल निष्प्रभ होते. जुन्या ब्रेकमध्ये सर्व चाकांसाठी एकच द्रवमार्ग असल्याने दर दोन वर्षांनी द्रव बदलणे हा सुरक्षेचा भाग मानावा लागतो.

भारतीय वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. मॉरिस ऑक्सफर्डवरून उत्तरपाड्यात घडलेल्या आणि 2014 पर्यंत निघत राहिलेल्या अँबॅसॅडरच्या पेट्रोल गाड्यांत अनेक वर्षे एमजीबीच्याच कुळातील बी-सिरीज इंजिन होते, आणि आता देशभर 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल पोहोचले आहे. हे प्रमाण ब्रिटनच्या दुप्पट असून, कोकणातील दमट पावसाळ्यात टाकीत ओलावा शिरण्याचा धोकाही अधिक आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यात जपलेल्या अँबॅसॅडरच्या मालकाने आधी नळ्या, नंतर सुई आणि त्यानंतर व्हॉल्व्हची फट अशा क्रमाने तपासणी करणे शहाणपणाचे ठरेल. मूळ भाग जपून ठेवावेत, पुन्हा काढता येतील असेच फेरबदल करावेत आणि प्रत्येक मोजमापाची तारखेसह नोंद ठेवावी, कारण इंधनाची मानके पुढेही बदलतील आणि त्या वेळी कोणते गृहीतक कोसळले हे शोधण्यासाठी अशा नोंदींखेरीज दुसरा विश्वसनीय आधार नसेल.