नजर भिडवायची कुणी कुणाला?

स्वमग्नतेचा विषय निघाला की आपल्या वस्तीतले लोक म्हणतात, हे शहरातल्या मोठ्या लोकांचे आजार. हा समज खोटा आहे. एक तर स्वमग्नता हा आजार नाही, आणि ती कुणाचा बंगला बघून येत नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. त्यामुळे बोलणे, समोरच्याचा इशारा ओळखणे, गोंगाट सहन करणे अवघड जाते. पवनी, लाखांदूरकडच्या खेड्यात असे पोर असले तर त्याला 'येडा' म्हणून लोक मोकळे होतात, नाहीतर अंगारे-धुपारे सुरू होतात. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे रकाने होते, पण स्वमग्नतेचा वेगळा रकाना नव्हता. जातनिहाय जनगणनेसाठी वर्षानुवर्षे भांडलेल्या समाजाला रकाना नसणे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

कायद्याने दखल घेतली तीही उशिरा. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला जागा दिली. सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का जागा स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे सर्वांत मिळून आहेत. कागद चांगला आहे. पण पोरगा अठराचा झाला की काय होते ते पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी अठरा वर्षांपर्यंत, मोफत शिक्षणाचा हक्कही अठरा वर्षांपर्यंत. नेमका त्याच दिवशी तो कायद्याने सज्ञान होतो. पालकत्वाचा कागद हवा असेल तर आईबापाने मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. शाळा सुटली, काम नाही, सोबती नाहीत, आणि घरचे विचारतात, आमच्यामागे याचे काय?

या वयावर जगात आता बरेच नवे संशोधन होत आहे आणि त्यात तरुण संशोधक मोठ्या संख्येने आहेत. कॅलिफोर्नियात एलिझाबेथ लॉगसन यांनी 'पीअर्स' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात किशोरवयीन मुलांना गप्पांत कसे शिरावे, मित्राला घरी कसे बोलवावे, चिडवणाऱ्याला काय उत्तर द्यावे, हे आठवड्याला एक धडा याप्रमाणे शिकवतात, आणि पालकांचा वर्ग शेजारीच चालतो. उपयोगी काम आहे. पण तो जसाच्या तसा मोहाडी-तुमसरला आणून चालेल काय? मित्राला घरी बोलवा, असे पुस्तक सांगते. आमच्या गावात कोण कुणाच्या घरी पाणी पितो, हे पुस्तकाला कुठे माहीत?

नजरेचीच गोष्ट घ्या. आपल्या देशात स्वमग्नतेचे प्रमाणपत्र ज्या मोजपट्टीवर देतात, तिच्यात ४० प्रश्न आहेत, आणि पहिलाच प्रश्न नजरेला नजर देण्याविषयी आहे. मोजपट्टी टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही, प्रमाणपत्राशिवाय पुढचे दार उघडत नाही. पण आमच्या आजोबा-पणजोबांना खाली मान घालून 'जोहार मायबाप' म्हणणे हेच सामाजिक कौशल्य म्हणून शिकवले गेले होते, आणि पाटलाच्या नजरेला नजर देणे हा गुन्हा होता. ते कौशल्य झुगारून आम्ही 'जयभीम' म्हणायला शिकलो. तेव्हा स्वमग्न तरुणाला 'नीट वागायला' शिकवताना ते नीट कुणाचे, हे विचारणारा कुणीतरी तिथे हवा. नाहीतर गप्प बसणारा, मान डोलावणारा, कमी मजुरीत राबणारा पोरगा तयार करून प्रशिक्षण यशस्वी झाले असे लिहिले जाईल.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की, स्वमग्न माणूस दुसऱ्याला समजत नाही एवढेच खरे नाही, बाकीचेही त्याला समजून घेत नाहीत. दोष दोन्हीकडचा आणि शिकण्याचा भार मात्र एकावर. हे वाचताना आम्हाला काही नवे वाटले नाही. खालच्याने वरच्याच्या सगळ्या रीती पाठ करायच्या आणि वरच्याने खालच्याचे काहीच जाणून घ्यायचे नाही, हे आमच्या अंगावरून गेलेले आहे.

म्हणून हे संशोधन आपल्या पोरापोरींनी करावे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे विद्यार्थी होते. ज्याने भोगले त्यानेच तपासले. १९५४ मध्ये ज्या भंडाऱ्यातून बाबासाहेब पोटनिवडणूक लढले आणि हरले, तिथून आज एम.एस.डब्ल्यू., मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र शिकणारी मुले नागपूरला जातात. त्यांना स्वमग्नतेवर प्रबंध लिही असे कोण सांगते? आणि लिहायला घेतला तर पोट कशावर भरायचे? बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२३ मध्ये संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले होते.

मोठे रुग्णालय, मोठे तज्ज्ञ असल्याशिवाय काही होत नाही, हीही पळवाट आहे. गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांना शिकवले. त्यातून पालक आणि मुलांमधला संवाद सुधारला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ती मुले लहान होती, २ ते ९ वर्षांची. अठरा-वीस वर्षांच्यांसाठी तसे काम आपल्या बोलीत उभे करणे बाकी आहे. आठवडी बाजारात सुटे पैसे परत घेणे, एस.टी.त सवलतीचे कार्ड दाखवणे, मुकादमाला हजेरी विचारणे, नको असेल तेव्हा नाही म्हणणे, हे आमचे धडे. जागा म्हणाल तर बुद्धविहार आहे, तिथे गर्दी नसलेला एखादा दिवस ठरवता येतो. धडे ठरवताना त्या तरुणांना स्वतःला विचारावे, बोलता येत नसेल तर चित्रावर बोट ठेवू द्यावे. मुलाखतीसाठी मात्र रोवणीचे दिवस टाळावेत, तेव्हा आई बांधीत असते.