वळिवडे ते नॉर्ग्येलिंग: निर्वासितांच्या कागदांचा मागोवा

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ मध्ये पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. वस्ती सुमारे पाच हजारांची, त्यात बहुतेक स्त्रिया आणि मुले. लांबलचक बराकींच्या रांगा, पोलिश शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह असे अख्खे गावच तिथे वसले. जागा कोल्हापूर संस्थानातली आणि खर्चाची जबाबदारी लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारची.

या माणसांचे नागरिकत्व कागदावर किती वेळा बदलले, ते पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड व्यापला. नोव्हेंबरमध्ये फर्मान निघाले आणि तिथले रहिवासी सोव्हिएत नागरिक ठरले. पुढच्या दोन वर्षांत लक्षावधींना सैबेरिया आणि कझाखस्तानात नेऊन टाकण्यात आले. जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर तीच माणसे पुन्हा पोलिश नागरिक म्हणून सुटली आणि त्यांतली काही इराणमार्गे भारतात पोहोचली. मागे राहिलेल्यांवर जानेवारी १९४३ मध्ये मॉस्कोने पुन्हा हक्क सांगितला.

खरा घाव १९४५ मध्ये बसला. ५ जुलैला ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या सरकारची मान्यता गेली. वळिवड्यातल्या एखाद्या बाईच्या पेटीतला पासपोर्ट तोच होता, पण तो देणारे सरकार आता जगाच्या लेखी नव्हते. तिचे गावही नव्या सीमेपलीकडे, सोव्हिएत संघात गेले होते. मायदेशी परतण्याचा मार्ग खुला होता खरा, पण त्या वाटेवर तिचे घर येत नव्हते. सैन्यात आप्त असलेल्यांना १९४७ च्या ब्रिटिश पोलिश पुनर्वसन कायद्याने ब्रिटनचा दरवाजा उघडला. काही जण पोलंडला परतले, काहींना पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत जावे लागले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

रिकाम्या बराकींत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले आणि वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले. त्यांचीही घरेदारे गेली होती, हालही कमी नव्हते. पण त्यांच्यासाठी राज्यघटनेतच तरतूद झाली. अनुच्छेद ६ नुसार १९ जुलै १९४८ पूर्वी आलेले आणि येथेच राहिलेले नागरिक ठरले. त्यानंतर आलेल्यांसाठी सहा महिन्यांचे वास्तव्य आणि नोंदणी अशी अट होती. त्याच बराकींत आधी राहून गेलेल्यांना भारतातल्या कोणत्याही कायद्याने असे जवळ केले नव्हते.

निर्वासितांविषयीचा १९५१ चा आणि राज्यविहीनांविषयीचा १९५४ चा असे दोन्ही आंतरराष्ट्रीय करार भारताने स्वीकारले नाहीत. १९४६ चा परकीय नागरिक कायदा २०२५ पर्यंत लागू होता, पण त्याच्या लेखी निर्वासितही परकीयच. त्यामुळे आसरा मिळाला तो सरकारी निर्णयाने. हक्क म्हणून त्याची मागणी करण्याची सोय नव्हती. मोठी उणीव आहे ती हीच. १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ चे, म्हणजे जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे, संरक्षण परकीयांनाही आहे असे स्पष्ट केले, तेवढाच भक्कम आधार.

निर्वासितांच्या कागदांचा हा प्रश्न विदर्भात आजही जिवंत आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत वसली. इथल्या माणसाची ओळख म्हणजे परकीय नागरिक म्हणून मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र. मुदत संपत आली की ते नूतनीकरणासाठी सादर करायचे. मात्र १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक असतो. तिबेटी मुले याला अपवाद नाहीत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर प्रकरणात २०१० मध्ये सांगितले. २०१६ मध्ये अशांना पासपोर्ट देण्याचा आदेशही झाला. २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने त्याला अटी जोडल्या: नोंदणी प्रमाणपत्र रद्द करून घ्यायचे आणि तिबेटी वसाहतीत राहायचे नाही.