दहा राग, तीन यंत्रं, दोन दिवस

१९८२ साली एचएमव्हीनं मुंबईत एक तबकडी काढली : 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार, बास गिटार आणि तऱ्हेतऱ्हेचे कीबोर्ड वाजवण्यात त्यांची वर्षं गेली होती. 'दम मारो दम'मध्ये ऐकू येणारा ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे विजेवरचा अकॉर्डियन, त्यांच्याच हातचा. या तबकडीवर मात्र गायक नाही, तबला नाही, वाद्यवृंद नाही. एक माणूस, तीन जपानी यंत्रं आणि दोन दिवसांचं रेकॉर्डिंग. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे.

तबकडी चालली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात सापडली आणि २०१० मध्ये त्यानं आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवरून ती पुन्हा काढली. मग जगभर एकच चर्चा झाली : शिकागोतलं 'ॲसिड हाउस' हे नाचाचं यंत्रसंगीत पाच वर्षं आधी मुंबईत वाजलं होतं की काय! सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपातल्या महोत्सवांत तीच यंत्रं घेऊन उभे राहिले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

पार्श्वभूमी चटकन उरकतो. रॉबर्ट मूग यांनी अमेरिकेत १९६४ मध्ये सिंथेसायझरचा पहिला नमुना केला, १९६८ च्या 'स्विच्ड-ऑन बाख' या तबकडीनं तो घराघरांत पोचला, १९७० मध्ये सुटसुटीत मिनीमूग आला. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९५४ च्या 'नागिन'मध्ये कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेच्या कीबोर्डवर पुंगी वाजवून सगळा देश डोलवला होता. १९८० च्या 'कुर्बानी'पासून डिस्कोची लाट आली. सगळे डिस्को करतात तर तो ठेका रागांखाली धरून पाहू, हा चरणजित यांचा विचार.

आता चरणजित यांच्या तीन यंत्रांपैकी माझ्या आवडत्या यंत्राकडे येतो. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ म्हणजे चंदेरी रंगाची छोटी प्लास्टिकची पेटी. तादाओ किकुमोतो यांनी ती घडवली आणि १९८१ च्या अखेरीस ती बाजारात आली. एकट्यानं गिटार वाजवणाऱ्याला बासची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू. त्या कामात ती सपशेल नापास झाली, कारण तिचा आवाज बास गिटारसारखा मुळीच नाही. शिवाय तिच्यात सुरावट भरणं किचकट : आधी सगळे स्वर भरायचे, मग त्यांचा काळ वेगळा भरायचा. १९८४ मध्ये उत्पादन थांबलं, तोवर सुमारे दहा हजार नगच निघाले होते.

पण या पेटीत दोन गोष्टी अशा आहेत की राग ऐकून वाढलेल्या माणसानं तिच्या प्रेमातच पडावं. सोळा मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक स्वराला दोन खुणा देता येतात. एक आघाताची : तो स्वर ठसक्यात, जास्त उजळ वाजतो. दुसरी 'स्लाइड'ची : त्या स्वरावरून पुढच्या स्वरावर यंत्र उडी मारत नाही, घसरत जातं. म्हणजे मींडच, पण ती सेकंदाच्या अगदी लहान अंशात पुरी होते आणि तिची लांबी ठरलेली असते. मालकंसात कोमल धैवतावरून मध्यमावर उतरताना गवई जेवढा रेंगाळेल तेवढं हे यंत्र रेंगाळणार नाही. तरीही मालकंसाचे पाच स्वर भरून मोजक्या जागी स्लाइड द्यावी, की तो राग आहे हे कानाला लगेच पटतं.

वर सहा बटणं असतात. त्यांतलं 'कटऑफ' फिरवलं की आवाजातले वरचे अंश झाकले किंवा उघडले जातात. 'रेझोनन्स' वाढवला की त्या उघडझापीला टोकदार, किंचाळणारी धार येते. आवर्तन तेच फिरत असतं आणि हात त्याचा रंग बदलत राहतो. १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या तिघांच्या गटानं 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं ते याच करामतीवर. चरणजित यांची तबकडी त्या तरुणांपर्यंत पोचल्याचा कसलाच पुरावा नाही, म्हणून 'ॲसिड हाउसचा जनक' हे बिरुद मला पटत नाही. चरणजित यांना त्याची गरजही नाही. त्यांचं मोठेपण वेगळ्याच जागी आहे.

ते कुठे, हे कळायला उरलेली दोन यंत्रं पाहावी लागतात. टीआर-८०८ हे तालयंत्र. त्यातला ढोल, टाळी, झांज सगळं विजेच्या मंडलांतून घडतं. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर वाजवणारा मोठा सिंथेसायझर. ८०८ मधून एक तार ३०३ ला गेली की दोघांची लय एक होते; ८०८ च्या ठोक्यांवर ज्युपिटरची स्वरमालिकाही चालवता येते. संगणक नाही, पडदा नाही. १९८३ मध्ये 'मिडी' येऊन सगळी यंत्रं एकमेकांशी बोलू लागली, त्याच्या आधीची ही जुळणी आहे. ताल आणि बास असे बांधून झाले की वादकाचे दोन्ही हात मोकळे होतात, आणि त्या मोकळ्या हातांनी चरणजित ज्युपिटरवर राग मांडतात. माझ्या दृष्टीनं त्यांचं मोठेपण इथे आहे : यंत्राला साथीला बसवलं आणि मैफल स्वतःकडे ठेवली.

या बैठकीला मर्यादाही आहेत. कीबोर्डचे बारा स्वर ठरलेले असल्यानं तोडीचा अतिकोमल गंधार त्यात मिळत नाही. तोडी ऐकताना ती उणीव मला दर वेळी टोचते. उलट ललित बहरतो, कारण त्याचे दोन मध्यम शेजारी-शेजारी येतात आणि पंचम नसल्यानं येणारं अधांतरीपण यंत्राच्या कोरड्या आवाजाला शोभतं. कलावती तर नाचऱ्या ठेक्यासाठीच जन्मलाय असं वाटावं.

मी राहतो भोर तालुक्यातल्या भोंगवलीत. इथे कुणाला सिंथेसायझर म्हटलं तर 'बेंजोवाल्यांचा कीबोर्ड का?' असा प्रश्न येतो, आणि तो अगदी योग्य आहे. लग्नाच्या वरातीपुढे, जत्रेत, गणपतीत वाजणारी बेंजो पार्टी हे आपल्याकडचं यंत्रसंगीतच आहे. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचं मूळ १९१२ च्या सुमारास जपानच्या नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतोत. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावला, ॲम्प्लिफायर जोडला, कर्णे बांधले. शेजारी काठ्यांनी वाजवला जाणारा ऑक्टोपॅडही जपानचा, रोलँडचाच, १९८५ चा. म्हणजे चरणजित यांच्या टेबलावरची यंत्रं आणि आमच्या वरातीतली यंत्रं एकाच मुलुखातून आलेली आहेत.

अशा एका पार्टीच्या सरावाला मी जाऊन बसतो. ऑक्टोपॅडवाला तरुण दिवसा शिरवळकडच्या कारखान्यात कामाला जातो. त्याला मी चरणजित यांच्या तबकडीतला ललित ऐकवला. दोन मिनिटं ऐकून तो म्हणाला, "दादा, ह्यानं ठेका सोडलेलाच नाही, पण हात रिकामा पण ठेवला नाही." मी या विषयावर जे काही वाचलंय त्यात इतकी नेमकी समीक्षा मला आढळली नाही.

म्हणून हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तीच मुलं आहेत. त्यांना रेकॉर्डिंग करायचं तर आज काय लागेल? कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेंजो, छोटा मिक्सर, एक ऑडिओ इंटरफेस आणि साधा लॅपटॉप. लॅपटॉपनं फक्त टेपचं काम करावं. शक्य तर प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यावं, म्हणजे मिक्सिंग नंतर सुधारता येतं. पण वाजवणं सगळ्यांचं एकत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आवाजाची पातळी लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवावी. चोवीस बिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढी ऐसपैस जागा असते आणि फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. चूक झाली तर तुकडा जोडू नये, पूर्ण पुन्हा वाजवावं. तुकडे जोडून बिनचूक गाणं मिळतं. पण एकाचा हात चढला की दुसऱ्याचाही चढतो, ती गंमत जोडकामात येत नाही. मास्टरिंग करताना कर्कश मोठा आवाज करण्यात अर्थ नाही, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी एका पातळीवर आणूनच ऐकवतात.

प्रकाशनाचंही नीट समजून घ्यावं. राग कुणाच्या मालकीचा नाही. चित्रपटाची चाल मात्र आहे, ती छापायची तर परवानगी हवी. स्वतःची रचना असेल तर आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या हक्कसंस्थेकडे नोंदणी करावी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा ओळख क्रमांक असतो. वितरण करणाऱ्या सेवा तो बहुधा स्वतःच देतात. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा तो कुणाच्या नावावर राहणार हे वाजवण्याआधीच कागदावर आलेलं बरं. आणि बँडकँपसारख्या जागी आपण स्वतः किंमत ठरवून विकू शकतो.

काढायचं कशासाठी, असं ही मुलं विचारतात. वरातीत पैसे मिळतात, तबकडीत काय? त्यांना मी अहमदाबादची गोष्ट सांगतो. १९६९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग केले. टेप भरल्या आणि संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानं त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्या प्रकाशित झाल्या. पन्नास वर्षं देशाला पत्ताच नव्हता की आपल्याकडे हे घडून गेलंय. चरणजित यांची तबकडी खपली नाही, पण छापली गेली होती; वेष्टनावर नाव होतं, वर्ष होतं. म्हणून एका अनोळखी ग्राहकाच्या हाती लागताच ती तिच्या वादकापर्यंत परत पोचू शकली, आणि तेही तो वादक हयात असताना.

आमच्या भागातल्या बेंजो पार्ट्यांचं वाजवणं मोबाइलवर चित्रित होतं, पसरतं आणि वादकांच्या नावाशिवाय विरून जातं. माझं सांगणं एवढंच : यंदा सुगी संपली की दोन दिवस काढा, सगळे एकत्र बसून वाजवा, ते रेकॉर्ड करा आणि प्रत्येकाचं नाव, गाव आणि तारीख घालून बाहेर काढा. किती जण ऐकतील याची काळजी नंतर करू.