मेलमधला व्हायरस: ऐकीव काय आणि खरं काय

नातेपुत्यासारख्या गावात घरचा कॉम्प्युटर एकट्याचा नसतो. मुलगी त्यावर एमएस-सीआयटीचा सराव करते, वडील ऑनलाइन सातबारा काढतात, दुकानाचा जीएसटी तिथूनच भरला जातो आणि लग्नकार्याचे फोटोही त्यातच पडलेले असतात. एकाचं चुकीचं क्लिक सगळ्या घराला भोवतं. आणि मेलमधून येणाऱ्या व्हायरसबद्दल घरोघरी जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

‘आपल्या कॉम्प्युटरात आहेच काय? माळशिरस तालुक्यात आपल्याला शोधत कोण येतंय?’ हा सगळ्यांत घातक समज. शोधत कुणी येतच नाही. असे मेल एका फटक्यात लाखो पत्त्यांवर सुटतात. समोरचा माणूस नातेपुत्याचा आहे की न्यूयॉर्कचा, याच्याशी पाठवणाऱ्याला देणंघेणं नसतं. आणि ‘काहीच नाही’ म्हणतो त्या कॉम्प्युटरात आधार-पॅनच्या स्कॅन प्रती असतात, ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेले असतात. तेही नसले, तरी तुमच्या नावानं तुमच्या ओळखीच्यांना मेल धाडता येतातच.

यातूनच दुसरा समज खोटा ठरतो: ‘ओळखीच्या माणसाचा मेल आहे, उघडायला हरकत नाही.’ ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस सुटला, तो या विश्वासावरच जगभर पोचला. मेलला प्रेमपत्र जोडलेलं दिसायचं. ते उघडलं की व्हायरस आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती पाठवायचा आणि कॉम्प्युटरातल्या फोटोंच्या फाइली पुसून त्या जागी स्वतः बसायचा. ज्याला मेल मिळाला त्याला तो मित्राकडून, साहेबाकडून, नातेवाइकाकडूनच मिळाला होता. म्हणून अनपेक्षित फाइल आली की आधी फोन करून विचारावं, ‘तुम्हीच पाठवलीय का?’ या एका फोनाइतकं स्वस्त संरक्षण दुसरं नाही.

त्या प्रेमपत्राची आणखी एक चलाखी आजही चालते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असं होतं. विंडोज ओळखीच्या प्रकारांचं शेपूट लपवतं, त्यामुळे लोकांना फक्त ‘टीएक्सटी’ दिसलं आणि ती साधी मजकुराची फाइल वाटली. प्रत्यक्षात तो चालणारा प्रोग्रॅम होता. आज ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी फाइल येते, तिला पीडीएफचं लाल चित्रही चिकटवलेलं असतं. चित्र कुणालाही लावता येतं, त्यावर जाऊ नये. फाइल एक्सप्लोरर उघडून ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा (विंडोज ११ मध्ये ती ‘व्ह्यू’तल्या ‘शो’खाली सापडते). मग खरं शेपूट दिसतं. बिल, पावती, नोटीस म्हणून आलेल्या फाइलचं शेपूट ईएक्सई, व्हीबीएस, जेएस किंवा एससीआर असेल, तर ती बिल नाही, पावती नाही, नोटीसही नाही.

वर्ड-एक्सेलच्या फाइलींतही मॅक्रो नावाचे छोटे प्रोग्रॅम दडवता येतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणून ‘मजकूर दिसत नसेल तर अमुक बटण दाबा’ अशी, मॅक्रो चालू करायला लावणारी विनवणी फाइलमध्येच लिहिलेली दिसली, की ती फाइल तिथंच बंद करावी.

‘अँटिव्हायरस टाकलाय, आता काळजी नाही.’ अँटिव्हायरस हवाच. सातारा जिल्ह्यातल्या काटकर बंधूंनी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामातून ‘क्विक हील’ उभं केलं, ते व्हायरस फ्लॉपीतून पसरायचे त्या काळात. पण अँटिव्हायरस मुख्यतः माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणा आणि संशयास्पद वागणूक ओळखतो. आजच सुटलेला नवा व्हायरस त्याच्या हातून निसटू शकतो. पासवर्ड लावलेली झिप फाइल त्याला आतून तपासताच येत नाही. झिप जोडलेली आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, असं दिसलं तर समजून घ्या: तपासणी चुकवण्यासाठीच ही सोय केलेली असते.

विंडोज जुनं ठेवणं ही तर स्वतःहून दिलेली वाट. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’नं जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. तो ज्या भगदाडातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलेलं होतं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे घरोघरी लक्षात घ्यायला हवं.

आता थोडा दिलासा. ‘मेल नुसता उघडला तरी व्हायरस शिरतो’ ही भीती जुन्या आउटलुकच्या काळात खरी होती. आज ब्राउझरमध्ये जीमेल वाचताना मजकूर पाहिला म्हणून सहसा काही होत नाही. धोका असतो तो जोडलेली फाइल चालवण्यात आणि लिंकवर जाऊन पासवर्ड देण्यात. म्हणून मेलला घाबरून कॉम्प्युटर बंद ठेवू नका, वापरा.

फोटो आणि हिशेब मात्र वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती काढून ठेवा. जोडलेली राहिली, तर खंडणीवाला व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

चुकून फाइल उघडलीच, तर लाजून गप्प बसू नका. आधी वायफाय बंद करा किंवा केबल काढा. मग त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, दुसऱ्या फोनवरून मेलचे आणि बँकेचे पासवर्ड बदला. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधनं फुकट मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील, तर सकाळची वाट न पाहता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली, तरच ते गोठवता येतात.