मार्गदर्शक खुणा, भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळांतील

भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळांत पुढील कामगिरीचे ठिकाण व त्याची दिशा पडद्यावर दाखविणाऱ्या चिन्हांना मार्गदर्शक खुणा म्हणतात. पडद्याच्या कोपऱ्यातील लघुनकाशा, होकायंत्राची पट्टी, तीवर सरकणारा बाण आणि इष्ट व्यक्तीच्या डोक्यावर तरंगणारे चिन्ह हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. ह्या खुणा बंद करून खेळण्याची पद्धतही रूढ आहे. तीत वाट शोधण्याचे काम यंत्राकडून खेळाडूकडे येते. तथापि ते कितपत साधेल, हे खेळाच्या मूळ रचनेवर अवलंबून असते.

आरंभीच्या खेळांत अशा खुणा नव्हत्या. अँड्रू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड ह्यांनी रचलेल्या विझार्ड्री (१९८१) ह्या खेळातील भुयाराला १० मजले असून प्रत्येक मजला २० × २० चौकटींचा होता. खेळाडू चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने त्याचा नकाशा काढीत. वाट चुकल्यास पायऱ्यांपासूनचे आपले स्थान कळावे, म्हणून खेळात एका मंत्राची सोय होती.

ह्या दोन पद्धतींतील फरक बेथेस्डा ह्या अमेरिकन संस्थेच्या ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेत स्पष्ट दिसतो. मॉरोविंड (२००२) ह्या खेळात नकाशा असला, तरी कामगिरीचे ठिकाण दाखविणारा बाण नव्हता. कोणत्या गावी जावे, कोठे वळावे, कोणाकडे चौकशी करावी, हे पात्रांच्या लिखित संवादांतून कळे व रोजनिशीत नोंदले जाई. रस्त्यांवर गावांची नावे लिहिलेले खांबही होते. ऑब्लिव्हियन (२००६) मध्ये होकायंत्रावर बाण आला आणि सर्व संवाद ध्वनिमुद्रित झाले. ध्वनिमुद्रित संवादांत वाटेचे सविस्तर वर्णन देणे खर्चिक असते आणि बाण असल्यावर त्याची गरजही उरत नाही. स्कायरिम (२०११) मध्ये काही कामगिऱ्यांचे ठिकाण संगणक ऐनवेळी निवडतो. त्यामुळे तेथील वाटेचे वर्णन आधी लिहून ठेवणे अवघड ठरते.

म्हणून केवळ खूण बंद केल्याने मार्गशोध सुरू होत नाही. स्कायरिममध्ये बाण काढून टाकला, तर रोजनिशीत बहुधा एखाद्या गुहेचे नाव तेवढे उरते. ती कोणत्या डोंगराच्या कोणत्या बाजूस आहे, हे कोणी सांगत नाही. खेळाडूला ती योगायोगाने सापडते, किंवा बाण पुन्हा सुरू करावा लागतो. याउलट, संवादांतूनच पुरेशी माहिती मिळत असल्यास खेळाडूचे लक्ष बाणावरून नदी, पूल, कडे व माणसांचे बोलणे ह्यांकडे वळते आणि प्रदेशाची रचना त्याच्या स्मरणात राहते.

ही अडचण ओळखून काही निर्मात्यांनी स्वतंत्र व्यवस्था केली. प्राचीन ग्रीसमध्ये घडणाऱ्या ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी (२०१८) ह्या खेळात शोधक व मार्गदर्शित असे दोन प्रकार आहेत. शोधक प्रकारात प्रांताचे नाव, जवळचे स्थळ व दिशा एवढेच सांगितले जाते. जवळ पोहोचल्यावर खेळाडू आपल्या गरुडाच्या दृष्टीने नेमके ठिकाण हुडकतो. पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या बोहीमियावर आधारलेल्या किंग्डम कम : डिलिव्हरन्स (२०१८) ह्या खेळाच्या कठीण प्रकारात नकाशावर खेळाडूचे स्वतःचे स्थान दिसत नाही व होकायंत्रावर मुख्य दिशाही दाखविल्या जात नाहीत. त्यामुळे रस्ते, गावे व सूर्य ह्यांवरून अंदाज बांधावा लागतो.

मार्गदर्शक खुणांचा उपयोगही नाकारता येत नाही. दृष्टी अधू असलेले, वाटेचे वर्णन लक्षात ठेवणे जड जाणारे किंवा थोडाच वेळ हाताशी असलेले खेळाडू त्यांच्याविना खेळ अर्ध्यावर सोडण्याचा संभव असतो. त्यामुळे खुणा असाव्यात की नसाव्यात, ह्यापेक्षा त्या काढल्यावर वाट सांगणारे दुसरे साधन खेळात उरते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. ते साधन खेळ रचतानाच योजावे लागते. मागाहून ते पुरविणे कठीण असते.