दुकानाचे नाव आणि यंत्राचे कुलूप

मसाला कोणी कांडला याची चौकशी गिऱ्हाईक सहसा करीत नाही. पुडीवर कोणत्या दुकानाचे नाव आहे, तेवढे पाहते. अमेरिकेतील बेस्ट बाय या विद्युत उपकरणांच्या दुकानाने हाच व्यवहार व्हिडिओ गेमच्या जोडसाहित्यात आणला. हे दुकान १९६६ साली मिनेसोटा राज्यात ‘साउंड ऑफ म्युझिक’ या नावाने निघाले; १९८३ मध्ये त्याने आजचे नाव धारण केले. पुढे त्याने ‘रॉकेटफिश’, ‘इन्सिग्निया’ अशी घरची नावे काढली. माल दुसऱ्याच्या कारखान्यात घडतो, दुकान त्यावर आपले नाव घालते. मधल्याचा नफा आणि जाहिरातीचा खर्च वाचल्यामुळे किंमत उतरते; मात्र माल बिघडला तर बोलही दुकानालाच लागतो.

या मालाचे दोन वर्ग पडतात. यंत्र ठेवण्याची पिशवी किंवा पडद्यावरची काच यंत्राशी बोलत नाही. ती नीट बसली म्हणजे झाले. हातात धरावयाच्या कंट्रोलरला मात्र यंत्राची भाषा यावी लागते. १९७७ च्या अटारी यंत्राची भाषा सोपी होती. दांड्याच्या चार दिशा आणि एक कळ, अशा पाच खटक्यांच्या तारा नऊ टोकांच्या जोडणीतून यंत्रात जात. असा दांडा कोणालाही बनविता येई, आणि अनेकांनी तो बनविला.

आजची काही यंत्रे कंट्रोलरकडे आधी ओळख मागतात. आतल्या चिपने योग्य उत्तर दिले नाही, तर दार उघडत नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सला लावलेले विनापरवाना साहित्य दोन आठवड्यांची मुदत देऊन बंद करण्यास आरंभ केला. अशा बंदीने खेळात लबाडी करणाऱ्या उपकरणांना आळा बसतो, हे खरे. परंतु आपल्या हातांना सोयीचे, निराळे साहित्य जोडून खेळणाऱ्या अपंग खेळाडूंनाही त्याची धास्ती वाटली.

म्हणून असे साहित्य घेताना वेष्टनावर दोन गोष्टी पाहाव्यात: दुकानाचे नाव आणि यंत्र बनविणाऱ्याचा परवाना. नाव विश्वासाचे असेल, तर दुकान पैसे परत करील; पण यंत्राच्या कुलपाची किल्ली त्याच्या गल्ल्यात नसते.