कायद्याचे वेळापत्रक (भाग ७) : वेळ कमी पडतो, तो कुणामुळे?

आज मसुदाकारांच्या दालनात शिरायचे ठरले होते. पण कामकाज सल्लागार समितीवरचा लेख वाचून काही वाचकांनी विचारले आहे, की सभागृहाचा वेळ वाटून द्यायला समिती आहे, तर सरकारला वटहुकूम का काढावे लागतात? प्रश्न या लेखमालेच्या मुळाशी जातो, तेव्हा मसुदाकार पुढच्या आठवड्यात. माझे उत्तर थोडक्यात असे : खरोखरीच्या आणीबाणीतले मोजके अपवाद सोडले, तर बहुतेक वटहुकूम कायद्यांची आखणी फसल्याचा, किंवा आखणीतून सभागृहालाच वगळल्याचा पुरावा असतात.

या विधानाला सर्वांत भक्कम आधार पुण्यात तयार झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या कारभाराचा अभ्यास करून दाखवून दिले, की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम पुन्हापुन्हा जारी करून एक ते चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले. विधिमंडळ भरल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकूम संपतो, असे राज्यघटना सांगते. बिहारमध्ये अधिवेशन संस्थगित झाले, की संसदीय कामकाज विभागाचे पत्र खात्यांना जाई आणि वटहुकूम पुन्हा काढण्याची आठवण दिली जाई. म्हणजे खात्याखात्यांत समन्वय होताच. विधेयके सभागृहात नेणे हे ज्या विभागाचे काम, तोच विभाग सभागृह टाळण्यासाठी तो समन्वय राबवत होता. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा प्रकार राज्यघटनेची फसवणूक ठरवला. मात्र एक सवलत ठेवली : एखाद्या अधिवेशनात कामाचा भार फारच असेल आणि विधेयक घेता आले नाही, तर वटहुकूम पुन्हा काढणे क्षम्य ठरू शकते.

वेळ पुरला नाही, हे कारण सरकारे नेहमीच देतात. पण अधिवेशन कधी बोलवायचे आणि किती दिवस चालवायचे, हे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच ठरते. घटनेची अट एवढीच, की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये. दिवस ज्याने ठरवायचे, त्यानेच ते अपुरे पडले म्हणावे, हे पटण्याजोगे नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी वटहुकमांच्या सवयीबद्दल नेहरूंना वेळीच सावध केले होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५ मध्ये, लोकसभेच्या एका समितीने तिन्ही अधिवेशनांच्या तारखा कायमच्या निश्चित करण्याची शिफारस केली. ती अमलात आली असती, तर प्रत्येक खात्याला आपले विधेयक कधी तयार हवे हे वर्षभर आधी कळले असते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, संकट वेळापत्रक पाहून येत नाही. खरे आहे; पण ब्रिटनमध्ये सरकारला आपल्यासारखा सर्वसाधारण वटहुकमाचा अधिकार नसतानाही कोरोनाचा कायदा १९ मार्च २०२० रोजी मांडला गेला आणि २५ मार्चला त्याला राजसंमती मिळाली. चर्चा घाईची झाली, तरी ती संसदेत झाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : विरोधक गोंधळ घालतात, मग आखणी करून उपयोग काय? पण सगळा अजेंडा सरकारच्या हाती असला, की आपला विषय पुढे आणायला विरोधकांकडे मार्ग थोडेच उरतात. ब्रिटिश कॉमन्स सभागृहात प्रत्येक अधिवेशनात वीस दिवस विरोधी पक्षांच्या विषयांसाठी राखलेले असतात. वेळेत वाटा मिळाला म्हणजे गोंधळ थांबेलच असे नाही, पण गोंधळाचे एक मोठे कारण तरी नाहीसे होते. म्हणून निश्चित तारखा, वर्षाची विधेयकांची यादी आणि विरोधकांचे राखीव दिवस या तिन्ही गोष्टी एकत्रच मागायला हव्यात. एकटी यादी सरकारची सोय पाहील. तिन्ही मिळून सभागृहाचा अधिकार राखतील.